फी कोणी भरली? सातारा-सांगलीची एक गोष्ट

परीक्षा जवळ आलीये, पुस्तक उघडायचा कंटाळा आलाय आणि हातात मोबाईल आहे. बरोबर ना? मग आज दहा मिनिटं माझ्यासोबत साताऱ्याला चला.

तारीख 7 नोव्हेंबर 1900. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा नावाच्या मुलाचं नाव घातलं गेलं. हाच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, तो यामुळेच. शाळेत नाव लागलं खरं, पण वर्गात बसायला त्याला घरून गोणपाट न्यावं लागायचं. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहान मारायची. म्हणजे त्या काळी शाळेचं दार उघडलं, तरी आत जागा मिळेलच असं नव्हतं.

आता सांगलीकडे येऊ. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातले भाऊराव. जन्म 1887 चा. स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत! पोटासाठी शिकवण्या घेतल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. नांगर विकायला गावोगाव फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली. शेतकऱ्याचं पोर हुशार असतं, पण गावात पुढची शाळा नसते आणि शहरात राहायची सोय नसते.

दुधगावात 1910 च्या सुमारास त्यांनी सोबत्यांबरोबर मुलांसाठी वसतिगृह काढलं. ते चालायचं मुष्टिफंडावर. गावातल्या बायका दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. दुसऱ्याच्या पोराच्या शिक्षणासाठी! यातल्या बहुतेक बायकांनी स्वतः पाटी कधी हातात धरली नसेल.

पुढे 4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 ला ती साताऱ्यात आली. ज्या गावात भिवाला वेगळं बसवलं होतं, त्याच गावात आता सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला जेवू लागली. 25 फेब्रुवारी 1927 ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

पण पंगत रोज वाढायची म्हणजे धान्य लागतं. ते संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना मोडायच्या. शेवटी एकदा घरात काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र दिलं. त्या काळातल्या बाईने नवरा जिवंत असताना मंगळसूत्र गळ्यातून काढणं म्हणजे काय, हे घरी आजीला विचारून बघा. 1930 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं मोठं झाड त्यांना बघायला मिळालं नाही.

आणि पोरं काय आयतं खात होती का? अजिबात नाही. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं, खडी फोडणं, हे सगळं करून मग अभ्यास. हीच ती 'कमवा आणि शिका' योजना. 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही याच तत्त्वावर. या बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मला या गोष्टीत एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. खडी फोडून शिकणाऱ्या पोराला कुणी 'अभ्यास कर' म्हणून सांगावं लागत नव्हतं. कारण आपल्या ताटातली भाकरी कुठून आली, हे त्याला माहीत होतं. आपल्याला ते दिसत नाही. फी ऑनलाईन जाते, पुस्तक घरपोच येतं, म्हणून शिक्षण फुकट आल्यासारखं वाटतं आणि मग कंटाळाही येतो. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. फक्त पावती कुणाच्या नावाची आहे, ते एकदा शोधा.

एक काम देतो. आज घरात आजीला, नाहीतर आईला विचारा, 'तू कितवीपर्यंत शिकलीस? आणि शाळा का सुटली?' उत्तर नीट ऐका. मग पुस्तक उघडा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!