प्रवरेने नेलेले दगड

भंडारदऱ्याला कुठेही कुदळ मारा, लागणार काळा पाषाणच. कळसूबाई बेसाल्टची, रतनगड बेसाल्टचा आणि साम्रदची सांदण दरी त्याच दगडात चिरलेली. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्यावर लाव्हा येत गेला. सह्याद्रीतल्या या थरांच्या सर्वांत खालच्या गटाला भूशास्त्रज्ञांनी कळसूबाईचेच नाव दिले आहे.

सहावीच्या भूगोलात मात्र खडक तीन: अग्निज, गाळाचा आणि रूपांतरित. वर्गात एक मुलगी म्हणालीच, “बाई, यातला एकच दगड आपल्याकडं हाये.” खरे होते. गारगोट्या मुलांनी ढिगाने पाहिलेल्या. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजांचे पाणी मुरले, त्यातून स्फटिक वाढले, हे त्यांना चटकन पटले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेले स्टिल्बाइट नि अ‍ॅपोफिलाइट म्हणजे त्याच जातीचा माल. पण गाळाचा खडक?

मग मी त्यांना धरणावर नेऊ लागले. १९१० साली काम सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले आणि मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव भिंतीला मिळाले. उंची सुमारे ८२ मीटर. सगळे बांधकाम दगड आणि चुन्याचे. मुलांना भिंतीची उंची महत्त्वाची वाटते, मला तो चुना.

बेसाल्ट झिजतो तसा त्यातला चुना पाण्यात विरघळतो आणि खाली मातीत खड्यांच्या रूपाने जमतो. ती चुनखडी. दख्खनेत बांधकामासाठी ती वेचून भट्टीत भाजत, पाणी मारून विरवत आणि वाळू घालून घाणीत मळत. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा दगड होतो. म्हणजे फुटलेला दगड, मध्ये चुना, आणि सगळे मिळून एक घट्ट वस्तुमान. निसर्ग गोटे चिकटवून जो खडक करतो, तोच माणसाने सोळा वर्षांत केला. १९६९ साली भिंतीला भेग पडून गळती लागली, तेव्हा खालच्या अंगाने टेकूच्या भिंती बांधून तिला आधार द्यावा लागला. दगड कायमचा नसतो, हे त्याहून चांगले कुठले पुस्तक शिकवील?

खराखुरा गाळाचा खडक पाहायचा तर नदीबरोबर उतरावे लागते. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा अकोले, संगमनेर करत नेवाशाकडे जाते. तिथे काठाच्या दरडीत गोट्यांचे जुने थर आहेत, चुन्याने घट्ट बांधलेले. १९५४च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांना नेवाशाच्या अशा थरांत अश्मयुगातली हत्यारे सापडली. त्यांतली बरीच कॅल्सेडनी, जॅस्पर अशा बारीक पोताच्या दगडांची. हे दगडही लाव्ह्याच्या पोकळ्यांत नि भेगांत तयार होणारे, म्हणजे आमच्या गारगोटीचे भाऊबंद. नदीने ते वाहून आणले, माणसाने त्यांना धार काढली आणि नदीनेच ते पुन्हा पुरले. माझ्या मते शाळेतल्या बाणांच्या आकृतीपेक्षा हे खडकचक्र मुलांना फार लवकर कळते.

रूपांतरिताला आमच्याकडे जागा नाही. कुणाच्या ओट्यावर राजस्थानचा संगमरवर असेल तर तो दाखवायचा आणि पुढे जायचे.

धरणाची भिंत बांधली गेल्यापासून वरच्या डोंगरांतले गोटे खाली जात नाहीत. ते रतनवाडीच्या बाजूला, पाणी तलावात शिरते तिथेच बसतात आणि बारीक गाळ पुढे तळाशी जाऊन साचतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्या गाळाला भेगा पडतात. भेगेच्या कडेला एकावर एक बसलेले पातळ थर दिसतात आणि मुले ते काडीने मोजत बसतात.