विषामृत

खेळ हे धर्मशिक्षणापूर्वी मुलांना जमविण्याचे साधन होय, अशी समजूत आपल्या अनेक धर्मग्रामांत रूढ आहे. घटकाभर मुलांना खेळू द्यावे, मग घंटा वाजवून पुस्तक उघडावे. खेळ संपला की देवाची गोष्ट सुरू, असा हा क्रम. ख्रिस्तसभेच्या इतिहासाने मात्र याहून निराळा धडा घालून दिला आहे.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले, तेव्हा ते हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना हाक देत आणि श्रद्धेची तत्त्वे चालीवर गाऊन शिकवीत. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले; ते १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. लोकांच्या ओठी जे रुळले होते, त्यालाच या मंडळींनी शुभवर्तमानाचे वाहन केले. ओठांवरची ओवी जर या कामी येते, तर मुलांच्या अंगात भिनलेला खेळ का येऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर इटलीतील संत जॉन बॉस्को यांच्या चरित्रात सापडते. ८ डिसेंबर १८४१ रोजी ट्युरिन शहरातील एका चर्चच्या सॅक्रिस्टीतून सेवकाने हाकलून दिलेल्या एका गरीब, पोरक्या मुलाला त्यांनी आपला मित्र म्हणून परत बोलावले. त्याच्यामागून इतर मुले आली. त्यांत गवंड्यांच्या हाताखाली राबणारी, पोटासाठी खेडे सोडून शहरात आलेली, आईबापांपासून दुरावलेली मुले पुष्कळ होती. मिस्सा, धर्मशिक्षण आणि खेळ असा त्यांचा रविवार असे. गोंगाटाला कंटाळून शेजारी तक्रारी करीत आणि जागा सोडावी लागे. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को येथे एक पडवी आणि थोडे अंगण मिळाले. तेथे डॉन बॉस्को स्वतः मुलांबरोबर धावत असत.

पुढे संस्था वाढली, इमारती उभ्या राहिल्या. १० मे १८८४ रोजी वृद्ध डॉन बॉस्कोंनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र धाडले. आपण पाहिलेल्या स्वप्नाच्या रूपाने त्यांनी त्यात मैदानाची दोन चित्रे रेखाटली. पूर्वीच्या मैदानात गुरुजन मुलांत मिसळून खेळत होते. आताच्या मैदानात ते बाजूला उभे राहून गप्पा मारीत होते किंवा नुसती देखरेख करीत होते. मुले आपले मन का उघड करीत नाहीत, याचे कारण त्यांना येथे दिसले. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे, हे त्या पत्राचे सार होय. मुलांना प्रिय असलेल्या गोष्टीत आपण सहभागी झालो, म्हणजे आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीकडे ती वळतात.

ही शिकवण आपल्या मातीला परकी नाही. अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३-१५९९) हुतुतू, फुगडी अशा खेळांची रूपके करून अध्यात्म सांगितले. खेळाचे नियम लोकांना ठाऊक होते. नाथांनी त्यांतील अर्थ उलगडून दाखविला.

अंबडच्या परिसरात या साऱ्या इतिहासाला आज विशेष अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास येथील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि अनेक मुले आजी-आजोबांपाशी मागे राहतात. ट्युरिनच्या मुलांनी कामासाठी घर सोडले होते. येथे कामासाठी घरच मुलांना सोडून जाते. परमेश्वर पिता तुझ्यावर प्रेम करतो, हे वाक्य अशा कुमारवयीन मुलाला नुसते पाठ करावयास लावले, तर ते त्याच्या मनाच्या दारातूनच परत फिरते.

म्हणून आम्ही विषामृताचा खेळ निवडतो. ज्याच्यावर राज्य असते, त्याने शिवून ‘विष’ म्हटले की गडी जागीच खिळतो. स्वतःच्या बळावर त्याला सुटता येत नाही. मोकळ्या गड्याने पकडले जाण्याचा धोका पत्करून, जवळ येऊन ‘अमृत’ म्हणत त्याला स्पर्श केला, तरच तो सुटतो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, हे संत पौलाचे वचन यानंतर वाचले, तर फारसे स्पष्टीकरण लागत नाही. तुला कोणी सोडविले? तू कोणाच्या जवळून तसाच धावत गेलास? एवढे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नाला मुले बराच वेळ गप्प राहतात. ती शांतताही धर्मशिक्षणच होय.

मात्र काही पथ्ये पाळावीत. दोन पुढाऱ्यांनी एकेक गडी निवडण्याची पद्धत टाळावी; सर्वांत शेवटी उरलेल्या मुलाला त्या दिवशी देवाच्या प्रेमावरील कोणतेही प्रवचन ऐकू येत नाही. जो बाद झाला तो बाहेरच बसला, असे खेळ कमी ठेवावेत. मुलींना केवळ प्रेक्षक करू नये. आणि धर्मगुरू, धर्मभगिनी व धर्मशिक्षक यांनी शिट्टी खिशात ठेवून स्वतः खेळात उतरावे. आपल्यावर विष पडले आणि वर्गात कधी तोंड न उघडणारा एखादा मुलगा आपल्याला सोडवावयास धावत आला, तर ते अमृत नम्रपणे स्वीकारावे.