पेटीत नसलेले फोटो

साताऱ्यात आमच्या लहानपणी फोटो प्रसंगाचा असे. मुंज, लग्न, डोहाळजेवण, वर्गाचा ग्रुप फोटो, अर्जाला लावायचा पासपोर्ट. आणि घरातलं कुणी गेलं की एखाद्या जुन्या ग्रुपमधला चेहरा मोठा करून भिंतीवर लावायची कॉपी. आमच्या वडिलांचा, अण्णांचा, स्टुडिओ होता, पुढे तो मी चालवला. रोजच्या फोटोंसाठी फिल्मचा कॅमेरा घ्यावा की डिजिटल, असं हल्ली कॉलेजातली मुलं विचारतात. तेव्हा मला आमच्या निगेटिव्हच्या पेट्या आठवतात. त्यांत रोजचं म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही.

मुळात हा छंद पैसा आणि सवड असणाऱ्यांचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हा काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळायच्या आत धुऊन काढायची. एवढा खटाटोप घरच्या चहापाण्याचा फोटो काढायला कोण करणार?

आमच्याकडच्या साध्या घरांत कॅमेरा शिरला तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं. १२०च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. अण्णा तो भाड्यानंही देत. परदेशी रोलच्या आयातीवर बंधनं होती, आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये १९६७ साली उत्पादन सुरू होऊन ‘इंदू’ मिळू लागली तरी रोल जपूनच वापरला जाई. महाबळेश्वरला निघालेलं नवं जोडपं रोल भरून न्यायचं. दोन-तीन फोटो उरले तर ते सणापर्यंत राखून ठेवायचं. वेण्णा लेक आणि दिवाळीतला किल्ला एकाच रोलवर आलेले मी पुष्कळदा धुतले आहेत.

खरं काम डार्करूममध्ये. ब्रोमाइड कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही, म्हणून कॉपी लाल दिव्यात काढता येई. रोल मात्र मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजानं टाकीत भरायचा. रीटचिंग दिवसा, खिडकीपाशी. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ होऊन दिसते. अणकुचीदार पेन्सिलीनं तिच्यात बारीक ठिपके भरले की कागदावर तेवढी जागा उजळते. अण्णा एकेका नवरीच्या चेहऱ्यावर तास तास बसत. पण म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्यांना हात लावायचे नाहीत.

अण्णांचा सगळ्यात कडक नियम धुण्याचा. फोटो पक्का करणारा हायपो कागदात राहिला तर फोटो पिवळा पडतो, म्हणून प्रत्येक कॉपी तासभर वाहत्या पाण्यात. उन्हाळ्यात नळाची धार बारीक व्हायची, मग आम्ही भावंडं विहिरीवरून बादल्या आणून ट्रेमधलं पाणी पुन्हा पुन्हा बदलायचो. त्या कॉप्या आजही स्वच्छ आहेत. रंगीत रोल आले तेव्हा धुणं पुण्याच्या लॅबकडे गेलं आणि आमच्याकडे पाकिटं एसटीत चढवण्याचं काम उरलं.

डिजिटल कॅमेरा जन्मला तो फिल्म विकणाऱ्या कोडॅकच्याच घरात. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली तो जुळवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्याच कोडॅकनं २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. आमची डार्करूम त्याआधीच बंद झाली होती.

तरीही मुलांना मी डिजिटलच घ्या म्हणते, आणि ते माझ्या आईमुळे. पेट्यांत तिचे फोटो आहेत, सगळे शालूतले, नथ घातलेले, खुर्चीला हात टेकून उभे. भाकरी थापणारी आई, रात्री अण्णांच्या हिशेबाची वही लिहिणारी आई एकाही निगेटिव्हवर नाही. फोटोग्राफरच्या घरात ही गत, कारण रोल गिऱ्हाइकाचा असे. माझ्या नातीकडे तिच्या आईचे पीठ मळतानाचे, स्कूटर पुसतानाचे, ऑफिसातून दमून आल्यावरचे फोटो आहेत. ही श्रीमंती आमच्या पिढीला मिळाली नाही.

काळजी वाटते ती पुढची. लग्नाची जुनी सीडी घेऊन लोक माझ्याकडे येतात. ती उघडत नाही, आणि कॉपी कुणी काढून ठेवलेलीच नसते. निगेटिव्ह असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं. म्हणून मुलांना दोन कामं लावून देते: सगळे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचे, आणि दर दिवाळीला त्यांतले निवडक लॅबमधून कागदावर काढून मागे नाव, गाव, साल पेन्सिलीनं लिहायचं. फिल्म ज्याला धुण्याची गोडी आहे त्यानं जरूर घ्यावी. टाकी, ट्रे आणि एनलार्जर माझ्याकडे अजून आहेत. शिकायला येणाऱ्याला मी रविवारी वेळ देते.