एचएएल विमानतळ, बंगळुरू : नियंत्रणसेवा

बेळ्ळंदूर तलावाच्या उत्तरेला, यमलूर ओलांडल्यावर, हिंदुस्तान एरोनॉटिक्सची (एचएएल) पूर्व-पश्चिम धावपट्टी लागते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये सुरू केलेल्या विमान कारखान्याचे हे आवार. देशातील बहुतेक नागरी विमानतळांवर हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असते. येथे मनोरा एचएएल कंपनीचा आणि नियंत्रकही कंपनीचे. कंपनी सरकारीच, म्हणून हे खासगीकरण नव्हे. पण कंपनीने चालवलेल्या नियंत्रणाचे देशातील हे ठळक उदाहरण आहे.

२४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि विमान कंपन्यांची नियमित उड्डाणे तिकडे गेली. तेथे विमानतळ खासगी कंपनीचा, नियंत्रण मात्र प्राधिकरणाचे. एचएएलवर उरली ती उद्योगसमूहांची जेट, हेलिकॉप्टर, लष्करी विमाने आणि चाचणी-उड्डाणे. ‘तेजस’ हे लढाऊ विमान ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम झेपावले ते याच धावपट्टीवरून.

नियंत्रण कंपनीकडे गेले की छोट्या विमानाचे काय, हा प्रश्न उरतो. त्याची अडचण गर्दीच्या विमानतळावर कळते. एअरबस ३२० साधारण १३५ नॉट वेगाने उतरते, चार आसनी सेसना ६५ ते ७० नॉटने. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून उतरताना रडारवर सेसनाला त्याच्यामागे पाच सागरी मैल ठेवावे लागते. सेसनाच्या वेगाने एवढे अंतर कापायला चार मिनिटांहून अधिक लागतात. शुल्क वजनावर ठरत असल्याने त्या वेळेची भरपाई अगदी किरकोळ होते. शुल्कावरच जगणाऱ्या संस्थेला हा पाहुणा परवडत नाही.

कॅनडाने १९९६ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची सेवा ‘नॅव्ह कॅनडा’ या ना-नफा कंपनीकडे दिली. हलक्या विमानांना दर उड्डाणाऐवजी ठराविक शुल्क असते, ही सोय चांगली. मात्र पंधरा जणांच्या संचालक मंडळात विमान कंपन्यांच्या चार जागा, तर खासगी व उद्योगसमूहांच्या विमानांची एकच. २०२० मध्ये साथीने वाहतूक कोसळली, तेव्हा शुल्क सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढवावे लागले. अमेरिकेतील असाच प्रस्ताव खासगी वैमानिकांच्या विरोधामुळेही बारगळला आणि २०१८ मध्ये मागे घेतला गेला. विमान कंपन्यांच्या वर्चस्वाची त्यांची भीती रास्त होती.

नियंत्रणाची मालकी सरकारी की खासगी, यापेक्षा मंडळात कोण बसतो आणि शुल्क कशावर लागते, हे छोट्या वैमानिकासाठी निर्णायक ठरते. भारतात ही सेवा कधी वेगळ्या कंपनीकडे गेली, तर प्रशिक्षण संस्था व खासगी वैमानिकांची जागा आणि त्यांच्या शुल्काची कमाल मर्यादा कायद्यातच लिहिली गेली पाहिजे.