दोऱ्यांत बांधलेली नक्षी

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, उस्मानपुरा सर्कलला थांबा. संत एकनाथ रंगमंदिर जवळच आहे, रिक्षा अंगावर येताहेत, आणि हातातल्या मोबाइलवर पुढचा तुंबलेला रस्ता लाल दिसतोय. हजारो फोनांच्या हालचालींतून एक रंगीत चित्र तयार झालंय. आता साल मागे न्या. 1890.

सर्कल नाही, शासकीय तंत्रनिकेतन नाही. स्टेशनही नाही, रेल्वे यायला अजून दहा वर्षं आहेत. शहर हैदराबाद संस्थानात आहे, आणि गादीवर सहावे निजाम महबूब अली खान. तुम्ही जुन्या शहराच्या दिशेनं निघता. वाटेत काला चबुतरा लागतो, म्हणजे आजचा क्रांती चौक. 1857 च्या बंडवाल्यांना इथं मृत्युदंड दिला होता. पाय जरा अडखळतात. मग पैठण गेटमधून आत, एका गल्लीत, खटखट ऐकू येते तिकडे.

हिमरू कापडाचा माग. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलाय. ताणा सुताचा, बाण्यात रेशीम. धोटा डावीकडून उजवीकडे सरकतो, फणी आदळते. पण तुम्ही बघा मागाशी दोऱ्यांच्या जुडग्यापाशी बसलेल्या पोराकडे. तो एक दोरी ओढतो, ताण्याचे ठरावीक धागे वर उचलले जातात, रंगीत धागा खालून जातो. पुढची दोरी, वेगळे धागे. पोराला फूल दिसत नाही, दिसते ती दोऱ्यांची रांग. तिचा क्रम मात्र एकदाही चुकून चालत नाही.

त्या दोऱ्यांचा जाला नक्षी बांधणाऱ्यानं आधीच तयार करून दिलाय. वाकून नीट बघा. आधी चौकटींच्या कागदावर कोयरी काढलेली असते. मग उभ्या दोऱ्यांतून आडवी दोरी ओवायची: चौकट भरलेली असेल तर उभ्या दोरीच्या वरून, रिकामी असेल तर खालून. एका ओळीला एक आडवी दोरी. कोयरी शंभर चौकटी रुंद आणि दोनशे ओळी उंच असेल, तर वर की खाली हे वीस हजार वेळा ठरवायचं आणि बोटांनी बांधायचं. एकदा बांधलं की तोच जाला वाराच्या वार कापड देतो. पोरगा शेवटच्या दोरीपर्यंत पोचला की उलट क्रमानं परत ओढत येतो, आणि अर्ध्या बांधणीतून पूर्ण, आरशासारखं जुळणारं फूल कापडावर उतरतं. अर्धी मेहनत वाचवणारी ही युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते.

याच 1890 साली अमेरिकेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांवर खानेसुमारी मोजली जातेय, भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून. त्याच्याही आधी, 1804 मध्ये, फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार यांनी माग अशाच पत्त्यांवर चालवून दाखवला होता, आणि जाला ओढणाऱ्या पोराचं काम पत्त्यांकडे गेलं. 1839 मध्ये लिऑनला जॅकार यांचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे 24 हजार पत्ते लागले. गणकयंत्राचं स्वप्न बघणारे चार्ल्स बॅबेज ते चित्र जवळ बाळगून होते. संगणकाचा इतिहास सांगताना ही नावं येतात, यायलाच हवीत. पण भोक आहे की नाही यावरून जे ठरतं, तेच इथं दोरी वरून की खालून यावरून ठरत होतं. हा जाला बांधणाऱ्यांची नावं मात्र त्या इतिहासात येत नाहीत. मला हे खटकतं. नक्षीची तारीफ झाली, नक्षी साठवून ठेवण्याच्या बुद्धीची झाली नाही.

2020 च्या दशकात परत या. घरातल्या ट्रंकेत आजीची जुनी हिमरूची शाल असेल तर ती उलटी करा. मागच्या बाजूला रंगीत धागे सुटे धावताना दिसतील. कोणता धागा कुठं वर आला, कुठं खाली गेला, ते तिथं वाचता येतं. भिंग घ्या, चौकटींची वही घ्या. एका कोयरीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि ओळीमागून ओळ भरत जा. तंत्रनिकेतनातल्या कुणा मुलाला सोबत घेतलंत तर तीच चौकट संगणकावर चढेल, आणि हवी तेव्हा पुन्हा विणता येईल.