कांचेंतील समुद्र आणि त्याचा पहारेकरी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची पेटी ठेवलेली असते. तिच्यांत निळसर उजेड पडलेला असतो आणि पोंवळ्यांच्या फांद्यांमधून चिमुकले मासे ये-जा करीत असतात. घरांतील मंडळी त्यांना खाऊं घालतात आणि आल्यागेल्या पाहुण्याला कौतुकानें दाखवितात. परंतु त्या माशांचा खरा पालक पेटीखालच्या कपाटांत बसलेला असतो. तें एक लहानसें स्वयंचलित नियंत्रक यंत्र असतें. पाण्याचें उष्णतामान तें मोजतें, पंप चालवितें, दिवे लावतें व मालवितें, आटलेलें पाणी भरून काढतें. एखाद्या रात्रीं हा पहारेकरीच झोंपीं गेला, तर सकाळीं उठून पाहावें तों मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकीत असलेले दिसतात. हें संकट नवें वाटतें खरें. पण त्याचें मर्म कळावयास मत्स्यपेटीच्या इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे.

मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे. चीन देशांत सोंग राजवटीच्या काळापासून सोनेरी मासे पाळले जात. समुद्रांतील जीव घरांत जगविणें मात्र फार कठीण होतें. झान विलप्रे-पॉवर ह्या फ्रेंच विदुषीनें १८३२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें कांचेच्या पेट्या करवून अर्गोनॉट नांवाच्या प्राण्याचें निरीक्षण केलें, आणि तो आपलें कवच स्वतःच घडवितो हें पुढें सिद्ध केलें. पण तिच्या दाराशींच समुद्र होता. लंडनसारख्या शहरांत काय करावयाचें?

ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर एका घरांतूनच आलें. १८४६ सालीं ॲना थिन ह्या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत पोंवळीं लंडनला आपल्या घरीं आणलीं. समुद्राचें ताजें पाणी रोज मिळणें शक्य नव्हतें. तेव्हां उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुनःपुन्हा ओतण्याचा क्रम त्यांनीं सुरू केला. रोज अर्धा-पाऊण तास हें काम चाले, आणि तें बहुधा घरांतील मोलकरणीवर सोंपविलेलें असे. पाण्याची धार पडतांना तींत हवा मिसळे आणि पोंवळीं जगत. त्या घरगुती समुद्राचा पंप म्हणजे एका मोलकरणीचे दोन हात होते.

हे हात थांबले तरी पाणी जिवंत राहावें, असा उपाय पुढें रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें शोधिला. १८४९ सालीं त्यानें एका पात्रांत सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति ठेवून पाहिली. वनस्पति प्राणवायु देईल आणि मासा तो घेईल, असा त्याचा हिशेब होता. पण कुजलेल्या पानांनीं पाणी नासूं लागलें. तेव्हां त्यानें त्यांत तळ्यांतील गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकी पानें खाऊन टाकलीं आणि पाणी निवळलें. १८५० सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस ह्याच्या ग्रंथानें घरोघरीं ही हौस पसरविली. कांचेवरील कर १८४५ सालींच उठला असल्यामुळें पेट्याही स्वस्त झाल्या होत्या.

परंतु हौसेला हिशेब राहत नाहीं. इतक्याशा पाण्यांत हवे तितके जीव कोंबले जात, आणि कित्येक घरांतून थोड्याच दिवसांत दुर्गंधि सुटे. ह्याचें एक मोठें कारण १८९० सालीं सर्गेई विनोग्राद्स्की ह्याच्या संशोधनानें स्पष्ट झालें. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विष तयार होतें. मातींत व पाण्यांत राहणारे कांहीं सूक्ष्मजंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर बरेंचसें निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे अदृश्य सफाईकामगार वाळूवर, दगडांवर आणि गाळणींत वस्ती करतात. मात्र त्यांनाही प्राणवायु लागतो. म्हणून वाहतें पाणी थांबलें कीं मासे गुदमरतात, आणि त्यांची घाण काढणारेही मरूं लागतात.

यंत्र केव्हां तरी बंद पडणारच, हें ज्यानें आधींच ओळखलें तो मनुष्य म्हणजे विल्यम ॲल्फर्ड लॉइड. १८७१ सालीं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस येथें उघडलेल्या मत्स्यालयांत त्यानें प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा, अंधारा हौद खालीं बांधविला आणि वाफेच्या बळानें पाणी अखंड फिरतें ठेविलें. पाणी बदलण्यापेक्षां तें फिरवीत राहावें, हें त्याचें तत्त्व होतें. त्याचबरोबर एंजिन व पंप त्यानें दुहेरी बसविले, कीं एक थांबलें तर दुसरें तयार असावें.

विसाव्या शतकांत वीज घरोघरीं आली. १९७१ सालीं पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारांत आला, आणि कालांतरानें मोलकरणीचे हात, गोगलगाई व एंजिनवाला ह्या सर्वांची कामें एका पेटीच्या स्वाधीन झालीं. सोय झाली, पण लॉइडचा दुहेरीपणा गेला. उष्णता-नियंत्रणाच्या रिलेचे स्पर्शबिंदु चिकटले, तर हीटर बंद होतच नाहीं. उष्णतामापकाचें टोंक पाण्याबाहेर आलें, तर खोलींतील थंड हवा मोजून यंत्र पाणी तापवीत राहतें. पाण्याची पातळी दाखविणारा तरंगता खटका मिठानें अडकला, तर गोडें पाणी ओतलें जातें आणि खारेपणा उतरतो. तापलेलें पाणी प्राणवायुही कमी धरतें: २० अंश सेंटिग्रेडला एका लिटर गोड्या पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांना सुमारें साडेसात, खाऱ्या पाण्यांत त्याहूनही कमी.

अशा वेळीं यंत्र दुरुस्त करीत बसणें हें पहिलें काम नव्हे. प्रथम त्याची वीज बंद करावी, आणि वीज तोडल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. नंतर पंप सरळ भिंतीवरील जोडणीला लावावा. उष्णतामान वेगळ्या साध्या थर्मामीटरनें पाहावें. पाणी तापलें असेल तर झांकण काढून पंखा लावावा, बर्फ एकदम टाकूं नये. कारण अचानक बदल माशांना सोसत नाहीं. खाणें थांबवावें. पुढच्या खेपेसाठीं एका मोठ्या हीटरऐवजीं दोन लहान हीटर ठेवावे, म्हणजे एक अडकला तरी पेटी उकळत नाहीं. आणि बॅटरीवर चालणारा लहानसा हवापंप जवळ असूं द्यावा.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां त्याच्या समोरच समुद्र होता. पुणें-नागपूरच्या घरांतील पेटीला तो शेजार नाहीं. तिचा सारा समुद्र घरच्या माणसांच्या लक्षावरच उभा असतो. वीजही गेली आणि दुसरें कांहीं हाताशीं नसलें, तर स्वयंपाकघरांतील एक स्वच्छ तांब्या घ्यावा, पेटींतलेंच पाणी भरावें आणि थोड्या उंचीवरून धार धरून पुन्हा पेटींत सोडावें. अर्धा-पाऊण तास, वीज येईपर्यंत पुनःपुन्हा. लंडनच्या त्या खिडकीपाशीं पोंवळीं ह्याच उपायानें जगलीं होतीं.