'पाणी उतरू लागले होते'

१४. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांत उगम पावणाऱ्या बीव्हरकिल नदीला वसंतात वितळत्या बर्फामुळे आणि पावसामुळे लोंढा येतो. तो ओसरत असताना ट्राउट मासे मधल्या धारेची ओढ टाळून काठालगत, मोठ्या दगडांच्या आडोशाला थांबतात. पाणी गढूळ व गार असेपर्यंत कीटकाच्या अळीसारखा बांधलेला वजनदार गळ तळालगत वाहू द्यावा लागतो. येथील 'निंफ' तो हाच. पाणी निवळून सुमारे १० अंश सेल्सिअसवर गेले, की एप्रिलअखेरीच्या दुपारी मेफ्लाय कीटक पृष्ठभागावर येतात आणि मासे त्यांना वरच्यावर टिपतात. त्यांची हुबेहूब नक्कल असलेली 'हेंड्रिक्सन' ही कृत्रिम माशी रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ मध्ये बांधली आणि तिला अल्बर्ट हेंड्रिक्सन या स्नेह्याचे नाव दिले. तिच्या अंगाला कोल्ह्याच्या पोटाची फिकट लव असते, तर गळ्याभोवती कोंबड्याच्या राखाडी पिसाचा ताठ घेर. या घेरामुळेच ती तरंगते. तेथे जाणाऱ्या वाचकाने एवढे पाळावे : तळ दिसत नसेल, तर नदीत पाऊल टाकू नये. अशा पाण्यात मासा काठावरूनही टप्प्यात असतो. — संपा.